दोन्ना आसुन्ताची बत्ती

“ती बत्ती विझवायला सांगा,” लिव्हिया म्हणाली.

नुन्झियो दगडावर बसून बुटातली राख झटकत होता. “कोणती?”

“एकच तर आहे.”

खरंच एकच होती. स्ट्रॉम्बोली बेटाच्या वाटांवर रात्री दिवे नसतातच, आणि निम्मा ऑक्टोबर सरला की सुट्टीवाल्यांची घरंही बंद होतात. चारशे मीटर खाली सगळं पिशिता गाव काळोखात झोपलं होतं. फक्त समुद्रालगतच्या शेवटच्या घराच्या गच्चीवर एक पांढरी बत्ती भगभगत होती, आणि ती नेमकी लिव्हियाच्या कॅमेऱ्यासमोर.

ज्वालामुखीकडे पाठ करून कॅमेरा लावणारी बाई आपण वाटाड्या म्हणून तेवीस वर्षांत पाहिली नाही, असं नुन्झियो दोनदा बोलून दाखवून चुकला होता. पण लिव्हियाला विवर नकोच होतं. डोंगर मधूनमधून गरजायचा, वरचा धूर तांबडा व्हायचा आणि तेवढ्या उजेडात खालची चुन्याने रंगवलेली घरं दिसायची. तिला ते हवं होतं. दुसरा एकही दिवा नसलेलं, डोंगराच्या उजेडातलं गाव.

तसा एक फोटो तिच्या वडिलांनी काढला होता, मागून आणलेल्या कॅमेऱ्याने. दुसऱ्या दिवशी बेट सोडून ते जेनोव्हाच्या गोदीत कामाला गेले ते गेलेच. साठ वर्षं तो फोटो जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर होता. गेल्या वर्षी घरात पाणी शिरलं आणि त्याचा लगदा झाला. आता वडील शहाऐंशीचे आहेत. लेकीला ओळखत नाहीत, पण संध्याकाळ झाली की तिलाच विचारतात, “माझं गाव कुठे ठेवलंस?”

आज चढतानाही तिने त्यांच्याजवळच्या नर्सला फोन लावून पाहिला होता. लागला नाही. फोन जुना झालाय म्हणत तिने तो पिशवीत टाकला. सकाळच्या बोटीने तिला परतायचं होतं. रात्र ही एवढीच होती.

“ती माझ्या आईची, दोन्ना आसुन्ताची बत्ती,” नुन्झियो म्हणाला. “बाबांच्या होडीवरची, मासे धरायची. मी वर आलो की लावते, मी घरी पोचलो की विझवते. आधी बाबांसाठी लावायची, आता माझ्यासाठी.”

“मग विजेचा दिवा लावून झोपत का नाहीत त्या?”

“मी आणला होता बल्ब. चार दिवस तोंड फिरवून बसली. म्हणे, बल्ब काय, घरात माणूस नसलं तरी जळतो. बत्तीला दर अर्ध्या तासाने पंप मारावा लागतो. मी जागी आहे हे तुला वरून कळायला नको का?” तो हसला. “एक्याण्णव वर्षांची आहे. ऐकणार कोणाचं?”

“तुम्ही जाऊन सांगून या. मी थांबते इथे.”

“पाहुण्याला वर एकटं सोडून वाटाड्याने उतरायचं नाही. परवाना जाईल माझा. तुम्ही आपले अंजीर खा.”

अंजीर त्याच्या आईनेच दिले होते, सुकवून, मधे चिरून, आत बदाम भरलेले. लिव्हियाने वाटेतच सहा संपवले होते. नाताळात वडील अगदी असेच अंजीर भरायचे आणि पहिला तोंडात टाकून दरवर्षी म्हणायचे, “छे! गावची चव नाही.” पहिला घास घेतला तेव्हा तिला त्यांचं म्हणणं पटलं होतं.

“वडील पिशिताचेच ना तुमचे? मग सकाळी आईला भेटूनच जा,” नुन्झियो म्हणाला. “तिला अख्खं गाव पाठ आहे. कुणी कुणाच्या झाडाचे अंजीर चोरले, तेसुद्धा सांगेल.”

“भेटते. पण आत्ता फोन करा त्यांना. दहा मिनिटं, नुन्झियो. माझ्या वडिलांसाठी.”

तो मान खाजवत उठला, खिशातला फोन काढून खडकाआड गेला. त्याचं बोलणं तिला ऐकू येत होतं. “अगं आई, दहाच मिनिटं... हो, टोपी घातलीय... नाही गं, बाई चांगली आहे, आपल्याच गावची... बरं बरं, ओरडू नकोस!”

तो परत आला. “नाही म्हणते. डोंगराला सांग म्हणे उजेड वाढवायला.”

लिव्हियाला हसू आलं आणि रागही आला. तिने कॅमेरा डावीकडे नेला, खाली केला, खडकाच्या कडेला बत्ती लपवून पाहिली. काही केल्या जमेना. शेवटी ती कपाळाला हात लावून बसली. म्हातारीच्या हट्टापुढे तिचे वडील हरणार होते.

मग बत्ती पिवळी पडली. हळूहळू तांबूस झाली. आणि विझली.

“ऐकलं!” लिव्हिया ओरडली. “ऐकलं तुमच्या आईने!”

नुन्झियो उभा राहिला होता. “निघू या, सिन्योरा.”

“आत्ता? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आत्ता तर अंधार मिळालाय!”

“मग लवकर.”

तिने कॅमेरा चालू केला. नऊ मिनिटं तो तिच्या शेजारी उभा होता. सिगारेट ओठात धरलेली, पण पेटवलेली नाही. मागे डोंगर गरजला तरी त्याने वळून पाहिलं नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर गाव उमटलं. तांबूस भिंती, काळ्या गच्च्या, कडेला समुद्राची पुसट रेघ. अगदी वडिलांचं. लिव्हियाने डोळे पुसले तोवर नुन्झियोने तिची पिशवी खांद्यावर घेतलीसुद्धा होती.

चढताना प्रत्येक वळणावर हात देणारा हा माणूस आता सुसाट उतरत होता. वळणावर थांबायचा, तिची बॅटरी दिसली की पुन्हा निघायचा. तिने एकदा गुडघा फोडून घेतला, पण तक्रार केली नाही. जे हवं होतं ते पिशवीत होतं.

गावातल्या पहिल्या भिंतीशी तिने त्याला गाठलं. “मी आत्ताच आत येऊन त्यांचे आभार मानू का? जाग्या असतील ना? तुमच्या एका फोनवर बत्ती विझवली त्यांनी.”

नुन्झियो गल्लीच्या टोकाला, काळोखातल्या गच्चीकडे बघत होता.

“वर रेंज नसते, सिन्योरा,” तो म्हणाला. “मी फोन नुसता कानाला लावला होता.”