बकासुर पडत नाही

“आणि भीमाने बकासुराला लोळवले!” मंडळाचा निवेदक सहदेव माइकवर तिसऱ्यांदा ओरडला. बकासुर तिसऱ्यांदाही उभाच राहिला.

मांडवात हशा पिकला. गणपतीचा दुसरा दिवस, मुलुंडमधली चार-पाच सोसायट्यांची माणसं जिवंत देखावा बघायला जमलेली. असा देखावा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

भीम झाला होता सोसायटीचा सेक्रेटरी, चंद्रप्रकाश. दंडाला कापूस बांधून कोणी भीम होतं का? पीतांबराखालच्या काटकुळ्या पोटऱ्या सगळ्यांना दिसत होत्या. पुठ्ठ्याची गदा डोक्यावर धरून धरून त्याचे हात भरून आले होते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटायचे तेच हे हात.

बकासुर होता इमेका. लागोसचा. इथे शिकायला आला आणि रंगाच्या कारखान्याने त्याला आपल्या फुटबॉल टीमचा स्ट्रायकर म्हणून ठेवून घेतला. मुळातच काळाभोर माणूस, तरी मंडळाने त्याला वरून काजळी फासली होती. का, तर राक्षस नीट दिसायला हवा! मे महिन्यात कूपरेज मैदानावर त्याने फायनलला दोन गोल मारले, तेव्हा ह्याच लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवला होता. जूनमध्ये ह्याच लोकांनी त्याला सोसायटीतली भाड्याची खोली गणपती संपेपर्यंत सोडायला सांगितली.

“फॅमिलीवाल्यांची सोसायटी आहे ना ही,” चंद्रप्रकाश म्हणाला होता.

“माझी फॅमिलीच येते ना दिवाळीला. बायको, छोटी मुलगी.”

“तशी फॅमिली नव्हे रे.”

मग कशी, ते काही त्याने सांगितलं नाही. इमेका घाटकोपरपासून नाहूरपर्यंत खोल्या बघत फिरला. त्याचा चेहरा दारात दिसला की खोली नेमकी कालच गेलेली असायची. आणि परवा हाच चंद्रप्रकाश पेढे घेऊन त्याच्या दारात. “इमेकाभाई, आपला बकासुर तूच! फक्त उभं राहायचं आणि पडायचं. खोलीचं मग मी बघतो ना.” लाज कोळून प्यायलेली माणसं, दुसरं काय.

“अरे पड ना!” भीम दात आवळून म्हणाला. “इज्जतीची वाट लावतोस का?”

इमेका हलला नाही. खाली मांडवात बसलेल्या त्याच्या टीममधल्या पोरांना ह्याचं मुळीच नवल वाटलं नाही. मैदानातही तो असाच. बाकीचे स्ट्रायकर गोलपुढे नुसता वारा लागला तरी विव्हळत लोळायचे. ह्याच्या नडग्या सोलून निघायच्या, पण हा पडायचा नाही. कोच बाहेरून बोंबलायचा, “पड की मेल्या, पेनल्टी मिळेल!” त्यावर त्याचं एकच उत्तर, “फुकट पडत नाय मी.”

“खोली?” आता इमेकाने हळूच विचारलं.

“उद्या बोलू रे, उद्या.”

“आत्ता. माइकवर.”

“इथे? बाप्पासमोर? वेडा झालास?”

“बाप्पासमोरच. तू नंतर विसरतो.”

सहदेवने घसा खाकरून चौथ्यांदा सांगितलं, की भीमाने बकासुराला लोळवले. मागून कोणीतरी ओरडलं, “भीमाला आधी जेवायला घाला रे!” चंद्रप्रकाशची बायको अनुपमा पहिल्याच रांगेत होती. तिने पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलायचे ते हललेच. ते मात्र चंद्रप्रकाशला सोसवलं नाही. गदा तशीच एका हातात उंच धरून त्याने दुसऱ्या हाताने सहदेवकडून माइक ओढून घेतला.

“मंडळी, एक निवेदन आहे,” तो म्हणाला. घामाने त्याची मिशी सुटून एका बाजूने लोंबत होती. “आपले लाडके इमेकाभाई... म्हणजे... त्यांची फॅमिली येतेय. ते आपल्या सोसायटीतच राहतील. सोसायटीची काही हरकत नाही.”

“मी कुठे कधी नाही म्हटलं होतं?” खोलीची मालकीण रत्नप्रभा लगेच उभी राहून म्हणाली. “ह्यांचंच चाललं होतं, सोसायटी, सोसायटी!”

टाळ्या पडल्या. जूनमध्ये मीटिंगला त्याला काढायला हात वर केले होते त्यांनीच सगळ्यात जोरात वाजवल्या. काय म्हणावं ह्या माणसांना!

चंद्रप्रकाशने माइक परत केला. “झालं समाधान? आता तरी पड, बाबा.”

इमेकाने गणपतीकडे पाहून हात जोडले. मग दोन्ही हातांनी गुडघा पकडला, कोणीतरी करवतीने पाय कापावा तशी किंकाळी फोडली आणि धाडकन आडवा झाला. एक लोळण घेतली, दुसरी घेतली, भीमाच्या पायापाशी येऊन पाठीवर पडला आणि कण्हायला लागला.

भीमाची गदा अजून हवेतच होती. बकासुराला ती शिवलीसुद्धा नव्हती.

मग टीमची पोरं उभी राहिली, आणि त्यांच्यामागे सगळा मांडव एका घशाने ओरडला, “पेनल्टी!”