काठी

बारामतीच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आप्पांनी फॉर्ममधल्या एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं. "ह्ये काय गं, दिपाली?"

"ऑथराइज. तुमाला बोलता आलं न्हाय, तर तुमच्या वतीनं ठरवायचा अधिकार दुसऱ्याला देणं."

"म्हंजी मेंढरांमागची काठी दुसऱ्याच्या हातात देणं. मग तुझं नाव घाल."

"नागेशचं घालू की, आप्पा. पोरगा हाय तो."

"त्यो दिवस मावळला तरी रानातच रेंगाळायचा. काठी तुझ्याकडं असली, की मेंढरं येळेवर घरी यायची."

आप्पांनी हसत अंगठा उठवला. एवढ्या वर्षांनी मिळालेल्या या शाबासकीनं दिपाली सुखावली.

ऑपरेशननंतर आप्पा शुद्धीवर आलेच नाहीत. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता फक्त मशीन चाललंय. काय करायचं, ते तुम्ही सांगा."

नागेशनं आप्पांचे पाय घट्ट धरले. "आजून दोन दिस बघू की, आक्का."

दिपाली बराच वेळ फॉर्मवरच्या निळ्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग तिनं धाकट्या भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"गाडी सांग, नागेश. दिवस मावळायच्या आत आप्पांना घरी, डाळजला न्यायचंय."