आजार नसल्याचा कागद

“लिहून द्या,” खुर्चीत आडवा व्हायच्या आधीच आत्माराम म्हणाला. “आजार नाय, येवढंच लिहून द्या. मी जातो.”

“आधी तोंड उघडा,” डॉक्टर वेदिका म्हणाली.

आता या पोरीला काय सांगायचं! संगमेश्वराकडून दोन तास एसटीत आदळत तो रत्नागिरीला आला, तो काय दात दाखवायला? त्याला पुरावा हवा होता. सहा महिने रोज सकाळी उशीवर रक्त. भाकरीचा तुकडा चावला तरी रक्त. पुढचा दात जिभेनं ढकलला तरी हलायचा. भगतानं तांदूळ टाकून सांगितलं होतं, करणी आहे आणि घरातल्याच माणसाची आहे. घरातला म्हणजे दुसरा कोण? सखाराम. पाठचा भाऊ. बांधावरच्या फणसावरून तीन वर्षं बोलणं बंद, पडवीत मधोमध पत्रा ठोकलेला.

रविवारी देवळात गावकी बसणार होती. तिथं नारळ हातात घेऊन आत्माराम सखारामचं नाव घेणार होता. पण गावची मुंबईकर मंडळी हल्ली फार शहाणी झालेली. आधी डॉक्टरला दाखवलंस काय, म्हणून विचारतील. म्हणून हा कागद.

नाव घेतलं की काय होणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. सखारामच्या निशिगंधाचं लग्न मेमध्ये ठरलेलं. करणी करणाऱ्याची पोर कोण करून घेणार? पोर आत्मारामच्याच मांडीवर खेळलेली. त्याला वाईट वाटत होतं. पण तो सोडणार नव्हता.

वेदिकानं बारीक सळी हिरडीत घातली. सळी आत जातच राहिली.

“मशेरी लावता?”

“लावतो. तुमाला काय करायचंय? करणीचं दुखणं आहे हे. सख्ख्या भावानं केलान.”

“हिरड्यांचं दुखणं आहे हे. किटण साचून त्याचा दगड झालाय. हिरडी सुटलीय, खालचं हाड झिजलंय. आज साफ करू, अजून दोनदा यावं लागेल. मशेरी बंद. रक्तातली साखर तपासून घ्या. दात वाचेल बहुतेक. आईचे दात कसे होते?”

“चाळिशीतच बोळकं झालेलं.”

“मग भावालाही दाखवायला सांगा. हे एकाच घरात बऱ्याच जणांना असतं.”

“त्याला? तो तहानेनं मेला तरी पाणी नाय देणार मी! तुम्ही कागद देताय की नाय?”

“असला कागद मी देत नाही,” आता वेदिकाचाही आवाज चढला. “मागच्या आठवड्यात एकजण हाच कागद मागत होता, त्यालाही तेच सांगितलं. उघडा तोंड.”

इंजेक्शननं अर्धा जबडा मेला. यंत्र घरघरलं. अर्ध्या तासानं तिनं ट्रेमधला काळा खडा दाखवला. तांदळाच्या कणीएवढा.

आत्माराम बघतच राहिला. ज्याच्यापायी सहा महिने झोप उडाली, ज्याच्यापायी पत्र्याच्या पलीकडे ऐकू जातील अशा शिव्या घातल्या, ते हे एवढंसं? खरं तर लाज वाटायला हवी होती. त्याला रागच आला. हाताशी आलेला वैरी असा सोडून द्यायचा? कागद नाही तर नाही. रविवार कुठं पळून जातोय? नाव घ्यायचंच!

तोंडात कापूस दाबून तो बाहेर आला. बाकावर एकच माणूस बसला होता. तोंडाला रुमाल, मांडीवर आत्मारामच्या हातात होती तसलीच निळी फाईल.

सखाराम!

आत्मारामच्या तोंडात शिव्यांची माळच आली, पण बधिर जबड्यातून एक धड बाहेर पडेना.

“सखाराम, दुसऱ्या सफाईला या,” टेबलामागच्या बाईनं हाक मारली.

सखाराम उठला. त्यानं रुमाल बाजूला केला, भावाच्या सुजल्या गालाकडे बघितलं, हातातल्या फाईलकडे बघितलं. तीन वर्षांत तो पहिल्यांदा बोलला.

“तुला दिलान काय कागद? मला नाय दिलान.”