हॉर्नवरचा भाव

संग्रामपूरच्या स्टँडवर जांभळांचा भाव बसच्या हॉर्नवर ठरायचा. शेवटची बस निघायला झाली, की गुलाबशेठ टोपल्यांपाशी यायचे आणि मातीमोल भावात माल उचलायचे. उद्यापर्यंत जांभळं टिकणार नाहीत, म्हणून जांभळं विकणाऱ्या बायाही मुकाट्याने देऊन टाकायच्या.

त्या दिवशी मात्र हॉर्न वाजला, तशी कौतिकाबाई टोपली घेऊन सरळ बसमध्ये चढली.

"काऊन वं, घरी नेऊन सडवतं का?" शेठ हसले.

"माह्या झाडाची हायेत. सडवीन, नाही तं पुजीन."

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच येऊन बसली. शेठनी तिच्या टोपलीतलं एक जांभूळ तोंडात टाकलं.

"याले म्हनते माल! आत्ताच तोडल्यावानी. काल काय कचरा आनला होता वं!"

"हा कालचाच कचरा हाये, शेठ. घरी विटांच्या दुहेरी भिंतीचा हौद बांधला, दोन भिंतींच्या मधात ओली वाळू भरली. रातभर त्यात गारेगार निजली जांभयं."

शेठचा हात टोपलीतच राहिला. कौतिकाबाई शेजारी बसलेल्या बायांकडे वळली.

"हौद मोठा बांधला हाये वं, बायाहो. आज कोनी घाई करू नका."