पेटीचा उपास

एकसष्ट सालच्या उपवासकाळात खामगावच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रत्येकानं काही ना काही सोडलं. कुणी पान सोडलं, कुणी तंबाखू. पेटीवाले शिमोनराव उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "म्या पेटी सोडली. ईस्टरपर्यंत हात लावत नाही."

पंचवीस वर्षं पेटीवर जीव टाकणाऱ्या माणसाचा हा त्याग पाहून बायाबापड्यांनी डोळ्याला पदर लावला. मग दर रविवारी गीतं नुसत्या टाळ्यांवर झाली आणि पाळकसाहेबांनी प्रत्येक उपदेशात शिमोनरावांचा दाखला दिला.

झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब हसत म्हणाले, "आता आठच दिवस राह्यले, शिमोनभाऊ! ईस्टरले पेटी अशी वाजवा का शेगावले आयकू गेली पाह्यजे."

सगळी मंडळी हसली. शिमोनरावही हसले.

घरी आल्यावर राहेलबाईनं वाफाळत्या चहाचा पितळी पेला नवऱ्याच्या हातात दिला, उपवासकाळ लागायच्या आधीपासून रोज देत होती तसाच, आणि त्याचा हात झटकन मागे येतो का ते पाहत राहिली.

शिमोनरावांनी पेला गच्च धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि हळूच म्हणाले, "आजबी बोटाईले चटका नाही लागला."