केतकीच्या जागेची मोजणी

मनोहर धोत्रे टेकडीवर पोचले, तेव्हा मोजणीला आलेली प्राजक्ता एका रोपावर पारदर्शक घुमट बसवत होती. रोपाखाली त्यांची मुलगी केतकी होती. चितेवर बंदी आल्यापासून सगळ्यांनाच असं पुरत. जमीन कार्बन वायू सोडत असेपर्यंत घरच्यांना भेटायला येता येई. ती सोडण्यापेक्षा जास्त शोषू लागली, की जागा जंगलात जमा होई आणि माणसांना कायमची बंद.

“काका, थोडे लांब बसा. तुमचा श्वास मोजला जाईल.”

ते सरकले नाहीत. उलट घुमटाची कड उचलून आत श्वास सोडू लागले. पडद्यावरचा आकडा भराभर चढला.

प्राजक्ताने ते पाहिलं. “हाच आकडा पाठवते,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या वर्षी या.”

तोवर वाफेने घुमट धूसर झाला होता. रोप दिसेना. मनोहर एकदम मागे झाले.

“काढ तो. तोंडावर पांघरूण आलं तरी घाबरून उठायची ती. परत नीट मोज.”

ते लांब कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. या वेळी आकडा शून्याच्या खाली उतरला.

“घेतेय का गं श्वास?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“घेतेय, काका.”

ते बाहेर पडले. प्राजक्ताने फाटकाला कुलूप लावलं, तेव्हा तिला त्यांच्या चपला आत रोपापाशी दिसल्या. ती पुन्हा कुलूप उघडू लागली.

“राहू देत,” म्हणत ते अनवाणीच टेकडी उतरू लागले.