चारशे बारा हिरव्या खुणा

पडद्यावर चारशे बाराच्या चारशे बारा खुणा हिरव्या झाल्या. इस्पितळात औषधाचा डोस ठरवणारा प्रोग्रॅम सगळ्या चाचण्यांत पास झाला होता. एखादी जरी फसली असती तरी लाल खूण आली असती. मार्गदर्शक सर खुर्चीत ऐसपैस रेलले. दोन वर्षांत त्यांनी प्रबंधाचं फक्त मुखपृष्ठ वाचलं होतं, तेही स्वतःच्या नावापुरतं.

विद्यार्थ्याचा जीव मात्र टांगणीला लागला होता. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर पदवीची ही शेवटची तोंडी परीक्षा. तीत पास झाला तरच सोमवारपासून नोकरी. आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, “आता तुमचा प्रोग्रॅम पुसून टाका. चाचण्या तेवढ्या राहू द्या आणि परत चालवा.”

त्याने पुसला, परत चालवल्या. पुन्हा चारशे बारा हिरव्या.

जे जागेवरच नव्हतं, ते बिनचूक चालत होतं. त्याने एकच चाचणी लिहून नाव बदलत तिच्या चारशे अकरा नकला मारल्या होत्या. ती बिचारी कुणालाच काही न विचारता ‘उत्तम’ म्हणायची. सरांना हिरवा रंग आवडायचा.

“किरकोळ गोष्ट आहे, मॅडम,” सर हसून म्हणाले आणि त्यांनी गुणपत्रक पुढे सरकवलं. “गुण मी सकाळीच भरून ठेवलेत. तुम्ही फक्त सही करा.”

बाईंनी चष्मा लावला. “यांना एक्क्याण्णव. आणि हे खालचे, अठ्ठ्याऐंशीवाले? ते कुठे आहेत?”

“तो आजारी आहे. याच्याच खोलीवर राहतो.” सर विद्यार्थ्याकडे वळले. “हो ना रे?”

सरांची नजर काय सांगतेय ते त्याला बरोबर कळलं. मान हलवली की एक्क्याण्णव पक्के. नुसतं हो म्हणायला काय लागतं? चारशे बारा वेळा त्याने तेच तर केलं होतं. समोरचा पडदा अजून हिरवागार होता, आणि त्याच्याकडे बघताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“नाही, मॅडम,” तो म्हणाला. “तो पहिल्याच सत्रात शिक्षण सोडून गेला. दीड वर्ष झालं, मामाच्या दुकानात बसतो.”